ड्यूटी उतरेपर्यंत

दसऱ्याला गाडी घ्यायची नाही, असं अनंतराव मेश्रामांनी ठरवलं, तेव्हा गाडी नागपूरच्या शोरूममध्ये तयार उभी होती. पांढरी, विजेवर चालणारी, आपल्याच देशात बनलेली. त्यांची बायको माया आत बसूनही आली होती. पण अनंतराव बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत स्टोअर सांभाळायचे. परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या खोक्यांवर अठरा वर्षं त्यांचीच सही होत होती. त्यामुळे आयात शुल्क हा विषय देशात दोनच जागी कळतो, दिल्लीत आणि आपल्या टेबलावर, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांनी मायाला समजावलं. परदेशाशी वाटाघाटी चालू आहेत. ड्यूटी उतरली की तिकडच्या गाड्या स्वस्तात येतील आणि त्यांच्या धाकानं इकडच्या कंपन्याही भाव पाडतील. माया शाळेत गणित शिकवायची. तिनं एवढंच विचारलं, की उतरणार नक्की कधी.

"होऊनच राहिलं," अनंतराव म्हणाले.

भाव पडणार म्हणजे जुन्या गाड्यांचेही पडणार, हे ओघानंच आलं. म्हणून त्यांनी आपली पेट्रोलची गाडी लगेच विकून टाकली. गिऱ्हाईक घरचंच मिळालं, पारशिवनीचा मेव्हणा मोहित. किल्ली देताना अनंतरावांना जरा वाईट वाटलं (गाडीचं नाही, मोहितचं). दुसऱ्या दिवसापासून ते कंपनीच्या बसनं जाऊ लागले.

हिवाळा संपता संपता करार झाला. अनंतरावांनी स्टोअरमध्ये समोसे वाटले. दुसऱ्या दिवशी पेपरात तपशील आला. ड्यूटी उतरली होती, पण पेट्रोलच्या गाड्यांवरची, आणि त्याही अशा, की ज्या त्यांनी फक्त चित्रात पाहिल्या होत्या. विजेच्या गाड्यांना पुढची काही वर्षं सवलत नव्हती. अनंतरावांनी बातमी तीनदा वाचली आणि सरकारनं घाई केली, असं मत दिलं.

मग दोघं शोरूममध्ये गेले. पांढरी गाडी केव्हाच गेली होती. विक्की नावाच्या सेल्समननं सांगितलं, की नवीन येतच नाहीत. मोटरमध्ये एक खास चुंबक लागतं, ते परदेशातून येतं, आणि त्या देशानं दुसऱ्याच एका देशाशी ड्यूटीवरून भांडण झाल्यामुळे ते बाहेर पाठवणं अडवलं आहे. चार महिने धरा, आणि भावही वाढणार आहे.

अनंतरावांनी विचार केला. भांडण आज ना उद्या मिटणार. मिटलं की चुंबकांचा ढीग येणार आणि भाव कोसळणार. तेव्हा थांबणंच शहाणपणाचं, असं सांगून ते बाहेर पडले. माया पाणी प्यायला मागे राहिली. बरंच पाणी प्यायली असावी, कारण अनंतराव वीस मिनिटं उन्हात उभे होते.

मार्चमध्ये मायाच्या धाकट्या बहिणीचं, काजलचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. थोरले जावई, म्हणजे आपण, विजेच्या गाडीतून येणार, हे अनंतरावांनीच फोनवर सर्वांना सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मोहित त्यांना न्यायला आला, त्यांच्याच जुन्या गाडीतून. पुढच्या सीटवर मिठाईचे डबे होते, म्हणून अनंतराव मागे बसले. गाडी मोठी गुणाची निघाली, असं मोहित पारशिवनीपर्यंत सांगत होता.

मांडवात सासऱ्यांनी, नानाजींनी, नवरदेवाकडच्या मंडळींसमोरच विचारलं, "गाडी काहून नाही आणली, जवाईबापू?"

"चुंबक नाही भेटून राहिलं, नानाजी."

नानाजी उठून गोठ्यात गेले. येताना जुन्या लाऊडस्पीकरचं ताटलीएवढं चुंबक घेऊन आले. ट्रॅक्टरच्या टायरात खिळे जाऊ नयेत म्हणून ते दोरीला बांधून अंगणात फिरवायचे. त्याला अजून सात खिळे आणि सायकलचा एक स्पोक चिकटलेला होता.

"हे घेऊन जा. वापस नाही केलं तरी चालते."

अनंतरावांनी दुर्मीळ धातू, जागतिक व्यापार आणि ड्यूटी हे सगळं पंधरा मिनिटं उलगडून सांगितलं. पाहुण्यांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी नानाजींनी विचारलं, "म्हणजे हे लहान पडते काय?"

वडीलधाऱ्याला नाही म्हणवेना. परतताना चुंबक अनंतरावांच्या मांडीवर होतं आणि खापरखेड्याच्या जवळपास त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं.

जूनमधल्या एका शनिवारी मायाचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर तिनं पर्स उचलली.

"गाडी आली. चला."

त्या दिवशी पाणी पिता पिता तिनं स्वतःच्या नावानं जुन्या भावात बुकिंग करून टाकलं होतं. भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, मिटल्यावर भाव आणखी पडेल, असं अनंतराव म्हणाले. माया तोवर कुलूप लावत होती.

शोरूममध्ये विक्की रजेवर होता. भावना नावाच्या मुलीनं मायाला हार घातला, हातात भलीमोठी पुठ्ठ्याची किल्ली दिली आणि फोटोला उभं केलं. अनंतराव पर्स आणि छत्री सांभाळत बाजूला उभे होते. भावना त्यांच्याकडे वळली.

"डायवर भाऊ, इकडं या. चार्जिंगचं समजून घ्या."

अनंतरावांनी मायाकडे पाहिलं. फोटोग्राफरनं तिला हलू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं. ते गेले. भावनानं सगळं छान समजावलं. यातल्या मोटरच्या चुंबकावर ड्यूटी किती, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते मॅडमले माहीत राहते. तुमी फक्त वायर नीट गुंडाळत जा."

निघताना तिनं त्यांना एक टोपी दिली. डायवर लोकांना शोरूमकडून देतात, म्हणाली.

टोपी अगदी त्यांच्या मापाची होती.