आवक-जावक

आमच्या शेजारचे गायकवाडकाका श्वास घेत नसत. त्यांच्याकडे श्वासाची आवक होई. सोडला की जावक. उभी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात टपालावर शिक्के मारण्यात गेलेली. निवृत्तीनंतर ते विहारात ध्यान शिकवू लागले, तरी भाषा कचेरीचीच राहिली. "मनात विचार आला की टपाल आलं समजायचं," ते सांगत. "फोडून वाचायचं नाही. शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचं."

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत हे तत्त्वज्ञान सगळ्यांच्या पचनी पडत नसे. एकदा पार्किंगवरून सेक्रेटरी तावातावाने भांडायला आले. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे "पोचलं" एवढंच म्हणाले. सेक्रेटरींना ते शिवीपेक्षा जास्त झोंबलं. भाजीवाल्याने सडके टोमॅटो गळ्यात मारले तेव्हाही काका असेच समभावात बसून राहिले. शेवटी सुशीलाकाकूंनीच आतून सुनावलं, की तुमची पोच पुरे झाली, आधी टोमॅटो बदलून आणा. काकूंची फुफ्फुसं अधू होती. बोलताना दम लागून मध्ये थांबावं लागे, पण टोमणा त्या अर्धा सोडत नसत.

मी आयटीतला. प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने मला बेंचवर बसवलं. काम नाही, पगार कधी थांबेल याचा भरवसा नाही, झोप पार उडालेली. त्यावर इलाज म्हणून कंपनीने माइंडफुलनेसचं वर्कशॉप ठेवलं. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "माइंड फुल झालंय म्हणूनच तर त्रास होतोय ना? रिकामं करायला शिकवा म्हणावं." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मला समोर बसवू लागले.

आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर बसायचो. काकू आतल्या खोलीत, दार उघडं. माझं टपाल काही थांबत नसे, म्हणून मी हळूच डोळे उघडून काकांकडे बघायचो. ते मान किंचित आतल्या खोलीकडे कलवून निश्चल बसलेले असत. काकूंना ढास लागायच्या आधीच उठून पाणी घेऊन जात आणि परत येऊन तसेच बसत. काय ही एकाग्रता, असं मला वाटायचं.

दिवाळीनंतर काकू गेल्या. काका रडले नाहीत. भेटायला आलेली विहारातली माणसं म्हणाली, साधना म्हणतात ती ही. मीही मान डोलावली.

काही दिवसांनी सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. थोड्या वेळाने बघतो तर काकांचे डोळे उघडेच. जमत नाही रे, म्हणाले. मी शहाणपणा केला. काका, टपाल समजायचं, म्हणालो.

"विनय, मी माझा श्वास कधी बघितलाच नाही," ते म्हणाले. "मी हिचा बघत होतो. आतून ऐकू यायचा. एक गेला की दुसरा येईपर्यंत जीव टांगणीला. लोक म्हणायचे, गायकवाडांचं ध्यान लागलं." मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "आता घरात काही ऐकूच येत नाही."

फार वाईट वाटत होतं. मी नुसते डोळे मिटले. काका सतरंजीवरून सरकत माझ्या अगदी जवळ येऊन बसल्याचं जाणवलं.

"तू फार हळू घेतोस श्वास," ते म्हणाले. "जरा ऐकू येईल असा घे."

मी एकसारखा, त्यांना ऐकू येईल असा, श्वास घेत राहिलो.