घोषणा कोण उघडतंय?

हर्सूलच्या एका चार मजली इमारतीत तळमजल्यावर पाटी आहे: ‘व्यंकटराव, गुप्तहेर. कोणाला सांगू नये.’ रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावी म्हणून अक्षरं चांगली हातभर ठेवली आहेत.

“कडुबा, नुसत्या चपलेवरून मी माणसाचं गाव, गोत्र आणि गुन्हा सांगतो,” व्यंकटराव म्हणत. मागच्याच सोमवारी ते देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून घरी आले होते, पण त्याला ते पुरावा गोळा करणं म्हणत.

कडुबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. हर्सुलात इमारती वर चढत होत्या आणि पाणी खाली उतरत होतं, त्यामुळं त्याचा दिवस टँकरची वाट बघण्यात जायचा. नुसत्या वाट बघणाऱ्या माणसाला कोणीही मदतनीस नेमू शकतं. तसा तो नेमला गेला होता.

एके सकाळी दुसऱ्या मजल्यावरची चारुता खाली आली. गंगापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांना ती ठिबक सिंचनाचा ऑनलाइन कोर्स शिकवायची.

“काका, शनिवारी परीक्षा आहे. निम्मे तरी बसले नाहीत तर संस्था कोर्स बंद करणार, आणि मला घरी बसवणार. विद्यार्थ्यांना मात्र परीक्षेचा पत्ताच नाही.”

“तू कळवलं नाहीस?”

“रोज कळवते. फोन नंबर संस्था देत नाही, पाठ आधीच रेकॉर्ड केलेले. काय सांगायचं ते इथंच टाकावं लागतं.” तिनं मोबाइल पुढं केला. वर पाठांची रांग होती, खाली भोंग्याचं चित्र आणि त्याखाली शब्द, ‘घोषणा’. “पाठ सगळे बघतात. हे मात्र आजवर एकानंच उघडलंय.”

“तो एक कोण?” व्यंकटरावांनी डोळे बारीक केले.

“मीच.”

“तुझ्यावरही नजर ठेवावी लागेल.”

मग तर्क सुरू झाले. पहिला तर्क, घोषणा वाटेतच कोणीतरी पळवतं. दुसरा तर्क पुंजाराम नावाच्या विद्यार्थ्यावर येऊन बसला, कारण तो पाठ बघायचा ते पहाटे तीनला.

“उजेडात तोंड दाखवत नाही. टोळीचा म्होरक्या तोच.”

“साहेब, शेतातली लाईट रात्रीच येती,” कडुबा म्हणाला. “मोटारीपाशी बसून माणूस दुसरं काय बघणार?”

“म्हणजे तू त्याला ओळखतोस.”

कडुबानं नाद सोडला.

“आणि सगळे एकाच तालुक्यातले कसे?” व्यंकटराव चारुताकडं वळले.

“काका, कोर्सच गंगापूर तालुक्यासाठी आहे.”

“म्हणजे कट पूर्वनियोजित आहे,” ते समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तपासासाठी जीपनं गंगापूरकडं निघायचं ठरलं. चारुताच्या यादीत नंबर नव्हते, पण गावं होती; त्यातल्या एका गावात सुरेखा नावाची विद्यार्थिनी राहत होती. व्यंकटरावांनी शेतकऱ्याचा वेश केला: धोतर, फेटा आणि काळी छत्री. छत्री नको म्हणून कडुबानं सांगून पाहिलं. पण वेश अर्धवट नसावा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या गावाकडं पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. छत्री बघून पारावरची माणसं उठून उभी राहिली.

“पाहुणं, कुठं पडला म्हणायचा?”

“कोण पडला?” व्यंकटराव दचकले.

“पाऊस. तुमच्याकडं छत्री हाय म्हणून इचारलं.”

अशा रीतीनं, कोणाच्या नजरेत न येता, सारा पार मागं घेऊन ते सुरेखाच्या दारात पोचले. ती ठिबकच्या नळ्या धूत बसली होती.

“बाई, आम्ही बैल बघायला आलोय.”

“आमच्याकडं बैल नाय.”

“मग परीक्षेला का बसत नाही?”

सुरेखानं कडुबाकडं बघितलं. “ह्यांना ऊन लागलंय का, दादा?”

“न्हाई, हे असंच असतंय,” कडुबा म्हणाला. “ताई, शनिवारी परीक्षा हाय. तुझ्या मॅडमनी टाकलंय की. त्या भोंग्यात, घोषणा म्हणून.”

“घोषणा व्हय.” तिनं नळी झटकली. “ते कोण उघडतंय? कालव्याची घोषणा झाली, टँकरची झाली, दिवसा लाईटची झाली. मोबाइलात बी भोंगा दिसला, म्हणलं हितं बी पोचले का. पाठ लई चांगले हायेत. तेवढं सोडून बाकी बघतो आम्ही.”

आतून सासू लक्ष्मीबाईंचा आवाज आला, “मीच म्हणलं, हात लावू नको. मत मागत्याल.”

मागं पारावरची मंडळी माना डोलवत होती. व्यंकटरावांनी छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकली.

“मग काय लिहावं, ताई?” कडुबानं विचारलं.

“निरोप लिहा. निरोप आला की माणूस हातातला घास तसाच ठेवून ऐकतंय.”

संध्याकाळी चारुतानं भोंगा काढला, घोषणा खोडली आणि ‘निरोप’ लिहिलं. सकाळपर्यंत एकूण एक विद्यार्थ्यानं ते उघडलं होतं. खाली उत्तरांची रीघ लागली होती.

‘मॅडम, निरोप कशापायी? चालल्या व्हय तुम्ही?’

‘आमचं काय चुकलं असंल तर माफी असावी. फिल्टर धुवायचं शिकवायचं राहिलंय अजून.’

पहाटे तीनला पुंजाराम: ‘जाऊ नका. आत्ताच लाईट आली. परीक्षेचं वाचलं, अभ्यासाला बसलोय.’

चारुता जिन्यात उभ्या उभ्या वाचत होती. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. तिनं उत्तर लिहिलं, की तुम्ही परीक्षेला बसलात तर मी कुठंच जात नाही. शनिवारी सगळे बसले. कोर्स राहिला आणि बाईही राहिल्या.

“निरोपाचे दोन अर्थ,” व्यंकटराव म्हणाले, “हे मी मुद्दामच होऊ दिलं.”

रविवारी त्यांनी आपल्या पाटीखाली रंगानं लिहिलं, ‘विशेष घोषणा: गंगापूरचा कट उधळला.’ इमारतीतले लोक रिकाम्या बादल्या घेऊन येत-जात राहिले. कोणी मान वर केली नाही. व्यंकटरावांचा चेहरा दुपारपर्यंत पार उतरला. कडुबाला ते बघवेना. त्यानं खडू घेतला, घोषणा हा शब्द पुसता येईना म्हणून त्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, ‘निरोप: टँकर चार वाजता.’

टँकर खरोखरच चारला यायचा होता. साडेतीनलाच पाटीसमोर बायाबापड्यांची गर्दी झाली.

“बघितलंस, कडुबा,” व्यंकटराव दारातून म्हणाले, “माझ्या पाटीपुढं लोक रांग लावतात.”

“व्हय, साहेब,” कडुबा म्हणाला आणि त्यानं व्यंकटरावांचा ड्रम रांगेत आपल्या ड्रमाच्या पुढं सरकवला.