गुरुशांत अण्णांनी लाइट घालवली

आमच्या बँकेच्या दारात गुरुशांत अण्णा लोकांचे कान तपासतात. इतर बँकांचे गार्ड पिशव्या बघतात, हेल्मेट काढायला लावतात. अण्णांना त्याचं काही नाही. खांद्याला बंदूक आहे, पण तिचा उपयोग मी आजवर एकदाच पाहिला, नोटीस बोर्डावरचं जळमट काढताना. मात्र कानाला फोन लावलेला माणूस पायरीवर दिसला, की दोन्ही हात पसरून अण्णा दारात आडवे!

"आधी बोलणं संपवा. मग आत या."

"अहो, घाईचं काम आहे!"

"घाई तुमची हाय का फोनवरच्याची?"

या प्रश्नाला भलेभले अडखळतात. घाई आपली असली तर अण्णा वाट सोडतात. फोनवरच्याची असली तर आधी पाणी पाजतात, बाकावर बसवतात आणि "कोण हाय तो? तोंड बघितलाव काय त्याचं?" असं सुरू करतात. अण्णा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरी कानडी, आणि मराठी सोलापुरात येऊन शिकलेली, त्यामुळे ती कानडीच्या चालीवर चालते. स्वतःजवळ बटणांचा फोन. टचस्क्रीनला ते हात लावत नाहीत. "ज्याला बटण न्हाय त्याला विश्वास न्हाय," हे त्यांचं मत.

ऑनलाइन फसवणुकीवर हेड ऑफिसने आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. अण्णांचा दारातला वर्ग मात्र विसरता येत नाही. "ओटीपी म्हंजे टावेल," असं ते भर हॉलमध्ये सांगायचे. "आंघोळीहून आलाव, अंगावर टावेल हाय, आणि कुणीतरी फोन करून म्हणालं, टावेल द्या की जरा. देताव काय?" टॉवेल विणणाऱ्या गावात हे उदाहरण एका झटक्यात पोचायचं. पण एका वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि मॅनेजरसाहेबांनी त्या टॉवेलवर बंदी घातली. मग अण्णांनी चादर घेतली. चादरीला काही तो जोर आला नाही.

या मॅनेजरसाहेबांचीही त्यांनी एकदा परीक्षा घेतली. पुतण्याच्या फोनवरून साहेबांना फोन लावला आणि आवाज बदलून म्हणाले, "हेड ऑफिसमधून बोलतोय. तुमचा पासवर्ड बोला." साहेब म्हणाले, "एक मिनिट हं सर," आणि ड्रॉवरमधली वही शोधायला लागले. तेवढ्यात केबिनचं दार ढकलून अण्णा आत. "साहेब, मीच होतो." पुढचे चार दिवस साहेब त्यांच्याशी बोलत नव्हते.

तक्रारी व्हायच्या, होणारच. पहिली तक्रार एका वधुपित्याची. नवऱ्या मुलाच्या बापाशी तो फोनवर देण्याघेण्याचं बोलत होता आणि अण्णांनी मध्येच बोलणं तोडायला लावलं. दुसरी प्रादेशिक कार्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांची. त्यांना अण्णांनी पायरीवर उभं करून पाणी पाजलं होतं. अण्णांना नेमणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर येऊन बजावून गेला, की तिसरी तक्रार आली तर रवानगी टेंभुर्णीच्या गोदामावर. अण्णांचा चेहरा एवढासा झाला. माणसांशी बोलल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, आणि तिथे राखायची काय, तर पोती!

कारण अण्णांचं सगळं शास्त्र बोलण्यावर उभं. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, जेवलात का. कुणाला "ऊटा आत्री?", कुणाला "तिन्नारा?", कुणाला "खाना हुआ क्या?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय आहे. तर एकदा म्हणाले, "म्याडम, भ्यालेल्या माणसाला आपण जेवलो का न्हाय ते सांगता येत न्हाय."

त्या गुरुवारी क्षीरसागर बाई आल्या. बाई निवृत्त शिक्षिका. घरात एकट्या, मुलगा परदेशी. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे व्याजाचा आकडा आमच्या कॉम्प्युटरआधी त्यांच्या तोंडात असतो. आणि गुरुवार कडक. "अण्णा, गुरुवारी मला जेवणाचं विचारायचं नाही," हे त्यांनी कितीतरी वेळा दटावलेलं. अण्णा चिडवायला म्हणून मुद्दाम विचारायचे. त्या दिवशीही विचारलं.

"हो, जेवले," बाई म्हणाल्या आणि सरळ माझ्या काउंटरला आल्या. ठेव मोडायची होती, सगळी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरगुती." पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि त्या ती छातीशी धरून बसल्या होत्या. मला, खरं सांगते, काहीही कळलं नाही. मी फॉर्म काढला. सही झाली. पैसे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात पाठवायचा अर्जही झाला.

आणि लाइट गेली. दिवे, पंखे, कॉम्प्युटर, सगळं एकदम. बॅटरी संपलेला यूपीएसचा डबा कोकलायला लागला, रांगेत आरडाओरडा सुरू झाला. त्या गोंधळात अण्णा बाईंच्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची पर्स बोलतीया."

खरंच बोलत होती. अण्णांनी बाईंना स्टेशनरीच्या खोलीत नेऊन पर्स उघडली, तर आत व्हिडिओ कॉल चालू. पोलिसी टोपीतला एक माणूस बाईंना सांगत होता, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही अटकेत आहात, फोन बंद केलात तर घरी गाडी येईल. सकाळी सहापासून तो बाईंना असाच धरून बसला होता. अण्णांना फोन बंद करता येईना. त्यांनी आपला जेवणाचा डबा उघडला, भाकरी कागदावर काढली, फोन आत टाकला आणि झाकण गच्च लावलं. डब्यातून आवाज येतच होता, "मॅडम, कॅमेऱ्यासमोर या!" मी मागोमाग धावत जाऊन तो कॉल बंद केला. फोनवर अटक करण्याची पद्धत या देशात नाही, हे बाईंना समजावलं आणि हेल्पलाइनला कळवलं. ठेव वाचली. बाईंनी पर्सची चेन ओढून पूर्ण बंद केली.

"कुणाला सांगू नका हो," त्या म्हणाल्या. "निम्मी पेठ माझ्या हाताखालून गेलीय. मला हसतील."

अण्णांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शब्द दिला. मलाही द्यायला लावला.

तिसरी तक्रार तासाभरात आली. सुताच्या एका व्यापाऱ्याचा चेक त्या अंधारात रखडला होता आणि त्याने अण्णांना मेन स्विच पाडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये घेतलं.

"लाइट का घालवलीत?"

"हात लागला, साहेब."

"स्विच सहा फुटांवर आहे!"

"हात लांब हाय, साहेब."

अण्णा बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तोंड टाकलं. एक वाक्य खरं सांगितलं असतं तर सत्कार झाला असता, आणि हे निघालेत पोती राखायला! खुलासा लिहून द्यायचा होता. अण्णा सांगत होते, मी लिहीत होते. "माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही."

"पुन्हा होणार नाही? हे तर खोटं आहे अण्णा."

"मग ते खोडा. चूक झाली एवढंच ठेवा."

माझा पेन थांबलेला बघून ते म्हणाले, "म्याडम, माझी अक्का हाय गावाकडं. थोरली बहीण. असाच फोन आला, म्हैस विकलेलं पैसे गेलं. पैशाचं तिला काय वाटलं न्हाय. पण मी गेलो पुतणीच्या लग्नात आन् मांडवात सगळ्यास्नी ते सांगितलो. तिची नक्कल करून दाखिवलो. लई हसवलो लोकांना. दोन वर्षं झाली. दर ऐतवारी जातो. च्या देती, बोलत न्हाय."

मी ते वाक्य खोडलं. खुलासा तसाच गेला.

शब्द मी पाळला. फक्त संध्याकाळी बाईंना फोन करून सांगितलं, की अण्णांना टेंभुर्णीला पाठवताहेत. तेवढं सांगायलाही आधी परीक्षा द्यावी लागली. मी कितव्या काउंटरला बसते, माझ्या टेबलावर कुठला देव आहे, सगळं विचारून मग बाईंनी ऐकून घेतलं. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत त्या आल्या. तक्रारवही मागितली. व्यापाऱ्याच्या तक्रारीखाली, फळ्यावर असतं तशा अक्षरात, जे घडलं ते सगळं लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं. आणि वही हातात घेऊन मोठ्याने वाचली. तो व्यापारी रांगेतच होता. तोही बाईंचाच विद्यार्थी निघाला.

"बाई, तुम्ही?"

"हो, मी. गणित येणाऱ्या माणसाला भीती वाटत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

कुणी हसलं नाही. व्यापारी पुढे आला आणि त्याने आपली तक्रार खोडली. अण्णा एवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. बाई निघाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, हे एका माणसाला सांगू काय?"

"नावासकट सांगा," बाई म्हणाल्या.

सोमवारी अण्णा दहा वाजले तरी आले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना उशीर झालेला कुणाला आठवत नव्हता. साहेब स्वतः दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते. साडेदहाला अण्णा आले. अंगात गणवेशाऐवजी घरचाच चुरगळलेला शर्ट. मी काउंटर सोडून बाहेर गेले.

"सांगितलंत अक्काला?"

"सांगितलो."

"मग? हसल्या का?"

"न्हाय." अण्णांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. "विचारली, त्या बाईला घरात कोण काय बोललं तर न्हाय नव्हं? मी म्हणालो, न्हाय अक्का, कुणी बोललं न्हाय. आन् मीच तिच्या पाया पडलो की वो."

मी त्यांना बाकावर बसवलं. माझेच डोळे भरून आले होते.

"रात्री जाऊ दिली न्हाय," अण्णा म्हणाले. "मुक्कामाला ठिवून घेतली."