करकर चपलेच्या मोहिमेची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांचे चित्त ठिकाणी असो, हातातील चहा ऊन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध पक्षी, नाताळाचे सुटीत करवीर नगरी जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान येणेप्रमाणे.

एक राज्य होते. दोन खोल्या आणि एक गॅलरी, ऐसा मुलूख. महाराज म्हणजे बाबा, स्थळे पाहण्याचे मोठे षोकी. बाईसाहेब म्हणजे आई, घासाघिशीत ज्यांचा हात धरणारा भूमंडळी कोणी नाही. आणि एकच राजकन्या शाल्मली, इयत्ता नववी. ही राजकन्या पूर्वी फार गरीब. कोठून येई, कोठे जाई, कोणास पत्ता नसे, आणि वर्गात 'हजर' म्हणे तेही बाईंस ऐकू न जाऊन गैरहजेरी लागे. परंतु यंदा शाळेचे संमेलनी सूत्रसंचालन तिजकडे आले आणि ऐन वेळी माइक बंद पडला आणि तिने तशीच खणखणीत बोलून सभा जिंकिली. मग काय विचारता! तेव्हापासून चित्ती एकच ध्यास, की आपण चालावे तर साऱ्या गल्लीस कळावे; म्हणोन करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल पाहिजे, बाकी काही नको.

महाराजांनी मसलत ठरविली: आधी अंबाबाईचे दर्शन, मग नवा राजवाडा, मग रंकाळा. "आणि चपला?" राजकन्या बोलिली. "घेऊ की, जाता जाता," महाराज बोलिले. त्या राज्यात 'जाता जाता' याचा अर्थ 'न जाता' ऐसा होतो, हे राजकन्या लहानपणापासून जाणून. म्हणोन दर्शन होऊन फौज बाहेर आली आणि महाराज रिक्षा शोधू लागले, तो तिने "बाबा, राजवाडा इकडून!" म्हणोन उभयतांस थेट चपलांचे गल्लीत घातले. दुकानाचे पायरीवर बाईसाहेबांनी कानी आज्ञा सांगितली, "'आवडली' म्हणायचं नाही. तोंड वाकडं ठेव. एकदा आवडली म्हटलंस की भाव उतरत नाही." हा त्या राज्याचा पुरातन कायदा.

दुकानी दत्तोबा नामे कारागीर बसले होते, मिशा पांढऱ्या, हात रंगाने तांबडे. "या वहिनी, बसा. पोरीला दावू काय?" म्हणोन जोड काढिला. राजकन्येने पाय घातला आणि पाऊल टाकिले, करर्र! दुसरे टाकिले, करर्र! आनंद काय वर्णावा, पोटात फुलबाज्या उडो लागल्या. परंतु कायदा स्मरून मुद्रा ऐसी केली, जैसे ताटात कारले वाढिले. मग बाईसाहेबांनी हल्ला चढविला. "रंग फिका आहे. गोंडा सैल आहे. आणि आवाज केवढा तो, नुसती कटकट! या आवाजापायी कोण घेईल?" ऐसे बोलोन चप्पल काढावयास लाविली, पाठ फिरविली आणि लेकीस ओढीत निघाल्या. हे पळणे नव्हे, हा गनिमी कावा! थोडके पुढे जावे, मागून "ओ वहिनी, या की परत" ऐसी हाक यावी आणि भाव पडावा. आजवर हा डाव कधी फसला नव्हता. परंतु हाक येईना. वळोन पाहतात, तो दत्तोबांनी चप्पल मांडीवर घेतलेली आणि हाती टोकदार आरी!

"खरं हाय तुमचं वहिनी," ते बोलिले, "हल्ली कुणाला आवाज सोसत न्हाई. टाका उसवतो, आतलं वाजणारं काढतो, की झाली गप्प. ह्याचं जास्तीचं कायबी घेत न्हाई. बसा, आत्ता देतो." आरी टाक्यास भिडली. बाईसाहेब डोळे वटारून गप्प राहण्याची खूण करीत राहिल्या, परंतु राजकन्येने, काय होईल ते होवो म्हणोन, आरोळी दिली, "थांबा मामा! मला आवडलीय! करकरच आवडलीय!"

"शाले, अगं कायदा!" बाईसाहेब पुटपुटल्या. "राहू दे कायदा, आई. ती कटकट नाहीये. मी येतेय ते ऐकू येतंय." यावर दत्तोबांनी आरी ठेविली. "मग आदी का सांगितलं न्हाईस, बाळ? त्या आवाजासाठीच तर खपलो हुतो." महाराज म्हणाले, "राजवाडा बंद होईल." कोणी ऐकिले नाही. बाईसाहेबांनी लेकीचे मुखाकडे अंमळ पाहिले आणि सांगितला भाव मुकाट्याने दिला. राज्याचे इतिहासी ऐसे प्रथमच घडले.

मग राजवाड्यात करर्र करर्र करीत राजकन्या ऐसी चालली, की पहारेकरीही वळोन पाहो लागले. "हळू चाल गं, लोक बघतायत." "बघू देत!" रंकाळा पाहणे राहोन गेले आणि फौज मुलखी परतली.

पुढे रविवारी सकाळी महाराज वर्तमानपत्र वाचीत बसले असता करकर सुरू जाहली. "शाले! सकाळी सकाळी काय हे?" "बाबा, मी इथं पोहे खातेय." उभयतांनी गॅलरीत डोकावले. तेथे बाईसाहेब कपडे वाळत घालण्याचे मिषाने येरझारा घालीत, बादली केव्हाच रिकामी, आणि पायी तीच चप्पल. मायलेकींचे माप एकच. "बऱ्या आहेत," त्या बोलिल्या, तोंड वाकडे. "नुसत्या बऱ्या?" राजकन्येने पुसिले. बाईसाहेबांनी आणीक एक पाऊल टाकिले, करर्र, आणि गालात हसल्या. "आवडल्या गं बाई. झालं?"

एवंच, मोहिमेत रंकाळा राहिला, भाव उतरला नाही, कायदा मोडला. बाकी सर्व क्षेम. सांप्रत जोड एक आणि धनिणी दोन ऐसा तंटा राज्यात उभा राहिला आहे. दुसरा जोड "जाता जाता" घेऊ, ऐसे महाराज बोलिले आहेत. राजकन्येने रस्ता ध्यानी ठेविला आहे.