अप्पांची भरलेली सायकल

गारखेड्यातले आमचे शेजारी रंगनाथअप्पा सायकल कधीही रिकामी बाहेर काढत नाहीत. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी कॅरियरवर दोन विटा बांधतात. "गाडी जड असली की डुलत नाय," हा त्यांचा सिद्धांत. सत्तरीच्या अप्पांसमोर तो खोडून काढण्याची हिंमत विज्ञानाला अजून झालेली नाही.

लांबच्या प्रवासाला विटांची जागा संसार घेतो. स्टोव्ह, तवा, ज्वारीचं पीठ, पंप, सतरंजी, छत्री आणि बसायला पाट. सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेलं. मागून पाहिलं तर कुणी भाड्याची खोली सोडून चाललंय असं वाटतं. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून याच काळ्या सायकलवर त्यांनी लोणार केलं, तुळजापूर केलं.

मध्यंतरी शहरातल्या एका सायकल मंडळानं त्यांचा सत्कार केला. घट्ट कपड्यातल्या अध्यक्षांनी आपल्या सायकलचं वजन ग्रॅमग्रॅमनं कसं उतरवलं ते सविस्तर सांगितलं. अप्पांनी आस्थेनं विचारलं, "मग जेवण कुठं बांधता?" पुढे शाल-नारळ मिळाल्यावर त्यांनी दोन्ही तिथल्या तिथं कॅरियरला आवळलं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर ते भाजी आणताना चक्कर येऊन पडले. मुलानं सायकलला कुलूप घातलं. अप्पांनी जेवण सोडलं नाही, बोलणं सोडलं. भाऊबीज जवळ आली होती. थोरली बहीण अक्का पैठणला एकटी असते आणि दर भाऊबीजेला अप्पा गावाकडची बाजरी, तूर, शेंगा लादून सायकलवरच तिच्याकडे जातात. बसनं जा, कारनं सोडतो, सगळं सांगून झालं. शेवटी तोड निघाली ती माझ्या जिवावर: मी स्कूटरवर मागं मागं जायचं.

भरलेल्या सायकलच्या चालीनं स्कूटर हाकणं ही तपश्चर्याच. बिडकीनला अप्पांनी रस्त्याकडेला भाकरी थापून मला खाऊ घातली. त्यानंतर मात्र ते जरा चढ आला की उतरून चालू लागले. "टायर निवू द्या," म्हणायचे. पुढे सपाट रस्त्यावरही टायर तापू लागलं. बाजरीचं पोतं तरी माझ्याकडे द्या म्हटलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

पैठणला अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. तोंड पुसलं, टोपी नीट केली.

"सर, तुम्ही हितंच च्या घ्या. तिला दिसू नका."

मला भाऊबीजेच्या जेवणाची आशा होती, त्यामुळे "का?" असं जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

अप्पा सायकलकडे बघत म्हणाले, "सोबत माणूस लागतंय कळलं, तर फुडल्या वर्षी येऊ नको म्हणंल. आई-बाप गेले, बाकीचे भाऊ गेले. तिचं माहेर म्हंजी मी एवढाच उरलोय. माहेर थकलं असं तिला कळू द्यायचं नाय."

त्यांनी पायडलवर पाय ठेवला, तो घसरला. दुसऱ्यांदा बसला. मग गल्लीभर ऐकू जाईल अशी घंटी वाजवत गेले. तोंडापासून दुसऱ्या घराच्या उंबऱ्यात वाकलेली अक्का उभी होती. अप्पांचा हात धरून तिनं रस्त्याकडे नजर टाकली. मी स्कूटर चहाच्या टपरीमागे ढकलली.

"एवढ्या लांब एकटाच आलास का रं, रंगा?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "काय जड नाय गेलं. वारा पाठीमागून व्हता."