चांदीचा पान्हा आणि तिसरा डबा

आकारामची बायको बायडाबाई वारली आणि चांदी म्हशीनं दूध द्यायचं बंद केलं. बायडाबाईनं हुपरीचे चांदीचे पैंजण मोडून ती घेतली होती, म्हणून काळ्याकुट्ट म्हशीचं नाव चांदी. बायडाबाईचा आवाज ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. आकारामनं बायकोचं लुगडं गुंडाळून पाहिलं. चांदीनं लुगड्याचा वास घेतला, वर त्याच्या मिशांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आबा, रविवारपर्यंत बघू. न्हायतर विकूया," मुलगा सम्राट म्हणाला.

"तिची म्हस हाय ती. विकायची न्हाय."

मग नेसरीहून मेहुणी झुंबरबाई आली. दोघी बहिणींचा आवाज एकच. तिनं चांदीला हाका मारल्या, बादली वाकडी धरली म्हणून दाजींना चार शब्द सुनावले, आणि बादली भरली. पण तिलाही घरी जनावरं होती. शनिवारी तिला जायचं होतं.

"मग आवाज ठेवून जा," आकाराम म्हणाला.

पुतणी राजनंदिनीचा पक्ष्यांचे आवाज टिपायचा रेकॉर्डर घरात होता. पण माइक तोंडापुढं आला की झुंबरबाई बदलायची.

"नमस्कार चांदी. आपण दूध द्यावं," ती म्हणाली.

"अगं, म्हशीला बोलतीस का कलेक्टरला?"

शेवटी माइक लांब, गोठ्याच्या तुळईला टांगला. आता हाक खरी आली, पण बारीक आली आणि मागं सगळी खरखर. चांदीला वाटलं साप. तिनं बादली लाथाडली.

आकाराम रेकॉर्डर घेऊन स्पीकर दुरुस्त करणाऱ्या शमशुद्दीनकडं गेला.

"ह्याला वेगळा प्रीअँप लावाय पायजे," शमशुद्दीन म्हणाला. "माइकचा बारीक आवाज रेकॉर्डरात जायच्या आधी मोठा करतोय. ह्यो डबा न्या. मिरवणुकीतला हाय, गाव हलतंय."

"गाव नको, म्हस हलाय पायजे."

पहिल्या डब्यानं हाक मोठी केली आणि खरखर तिच्याहून मोठी केली. दुसरा विजेवर चालणारा. त्यात खरखर नव्हती, पण मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा गुंऽऽ आवाज होता. चांदीनं दावं तोडलं आणि शेजारच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. गुरुवारी सकाळी आकाराम पुन्हा दुकानाच्या पायरीवर हजर.

"शमशूभाई, मोठा नको. सोच्छ पायजे."

"आतापतोर लोक मोठाच मागत आल्यात, आबा," शमशुद्दीन म्हणाला. त्यानं कपाटातनं बॅटरीवरचा लहानसा डबा काढला. "ह्यो स्वतःचं काय घालत न्हाय. जे हाय तेवढंच. पण सगळंच उचलतोय, मुंगी चालली तरी."

त्या दिवशी तिसऱ्या डब्यावर झुंबरबाईनं हाका मारल्या आणि शनिवारी संध्याकाळची धार काढून ती गेली.

रविवारी सकाळी सम्राट घड्याळ बघत दारात उभा राहिला. आकारामनं बटण दाबलं. हाक आली, स्वच्छ, जणू झुंबरबाई गोठ्यातच. चांदी रवंथ करत राहिली. दुसरी हाक. तिसरी. पाच झाल्या.

"आबा, झालं की आता," सम्राट हळूच म्हणाला. म्हशीच्या व्यापाऱ्याला लावायला त्यानं खिशातनं फोन काढला.

आकारामनं बटण बंद केलं नाही. हाका संपल्या. रेकॉर्डरात पिशवीची चेन वाजली. मग झुंबरबाईचाच आवाज आला. यंत्र थांबलंय असं समजून ती बोलत होती.

"दाजी, बादली इसळलीसा का? टावेल कुठं टाकलासा? दोन दिस झालं नुसतं डबड्याला कान लावून बसलाय. अक्का सांगून दमली, पर ह्या माणसाला वळण न्हाय ते न्हायच."

चांदीचे कान ताठ झाले. तिनं शेपूट हलवलं, पाय फाकून उभी राहिली आणि पान्हा सोडला.

सम्राटनं फोन खिशात टाकला. "म्हंजे तिला हाक नकोच हुती. तुमास्नी बोलणी बसली पायजेत."

"आठ वर्सं रोज तेच ऐकत आली ती," आकाराम म्हणाला आणि धार काढू लागला.

बादली भरली. सम्राटचा हात बटणाकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," आकाराम म्हणाला.

रेकॉर्डर बोलत होता, "आणि पायताण घालून गोठ्यात याचं न्हाय, कितीदा सांगायचं?"

आकारामनं खाली पाहिलं. मुकाट्यानं पायताण काढलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.