डाव्या हाताची शुगर

गयामावशी साखर तपासायला नेहमी डावाच हात पुढं करतात. "म्या जेवते उजव्या हातानं. डाव्याला काय ठाव, काय खाल्लं ते?"

पडेगावात त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मावशी मूळच्या देवगाव रंगारीच्या, वय सत्तरीच्या आसपास, राहणं एकटीचं. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि पुण्याच्या मुलानं, ज्ञानूनं, घरी तपासायचं यंत्र पाठवलं. ते शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मीही एकटीच राहते, शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि कुणी न विचारता सल्ले देते.

मी रीतसर शिकवलं. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, बोटाच्या मधोमध नाही तर कडेला टोचायचं. मावशी हे सगळं लग्नातल्या भाषणासारखं ऐकून घेत. यंत्राला त्या 'चुगलखोर' म्हणतात.

एका सकाळी आकडा तीनशेच्या वर गेला. मी हादरले. मावशी डाव्या हाताकडं फितुराकडं बघावं तशा बघत होत्या. मग कळलं, बाईंनी शेजारच्या पोरांना दौलताबादची सीताफळं फोडून दिली होती आणि हात नुसते पदराला पुसले होते. धुऊन पुन्हा टोचलं तर आकडा निम्म्यावर. "साबणानं शुगर उतरली की," असं म्हणून त्यांनी मग गोळी कशाला घ्यायची यावर वाद घातला.

ज्ञानूला रोज यंत्राचा फोटो लागे. महिनाभरात साखर आटोक्यात आली नाही तर घराला कुलूप लावून आईला पुण्याला नेणार, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मावशींनी त्याचाच धसका घेतला होता. "सातव्या मजल्यावर ठेवील मला. तिथं हाक कुणाला मारू?"

महिना संपत आला आणि त्यांचा आकडा आला एकशे नव्वद. मावशी यंत्राकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जरा तुझं बोट दे. फोटोत बोट कुणाचं ते थोडंच दिसतंय ज्ञानूला?"

मी नियम मोडणारी बाई नाही. पण रोज चालते, चहा बिनसाखरेचा घेते, त्यामुळं माझ्या रक्ताची मला गुर्मी होती. उपाशीपोटीच होते. नमुनेदार आकडा दाखवायचा मोह झाला. हात धुतले, नवी सुई लावली. मावशींना धडाधड टोचणारी मी स्वतःला टोचताना चक्क "आई गं" म्हणाले.

दोनशे अकरा.

पुन्हा हात धुतले, दुसरं बोट. दोनशे आठ. यंत्र बिघडलंय, असं मी जाहीर केलं. दोन दिवसांनी लॅबच्या कागदानं यंत्राचीच बाजू घेतली.

तो कागद घेऊन मी मावशींकडं बसले. रडले वगैरे नाही. डबा, गोळ्या, जेवणाच्या वेळा कशा बसवायच्या ते सांगत होते, जरा जास्तच भरभर. मावशींनी मधेच ज्ञानूला फोन लावला आणि स्वतःचा खरा आकडा सांगून टाकला. तिकडून पुण्याचा विषय निघालाच.

"नाय येत म्या," मावशी म्हणाल्या. "गोळ्या घेते, गोड सोडते, तू म्हणशील ते ऐकते. पण हिला आता शुगर निघाली. सुईचं लई भ्या हाय तिला. म्या आल्यावर हितं तिचं बोट कोण धरंल?"

मी सुईला भीत नाही, हे मोठ्यानं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी डावा हात मावशींपुढं केला.